रेसलिंग क्विझ: प्रश्न काढतानाच्या नोंदी

५ जानेवारी

ग्रुपवर परस्पर ठरलंय की फेब्रुवारीत सगळे डोंबिवलीला जमले की रेसलिंगची क्विझ घ्यायची आणि प्रश्न मी काढायचे. ठीक आहे. शीट उघडली, नाव दिलं, वरच्या ओळीत रंग भरला, म्हणजे प्रोजेक्ट सुरू झालं.

आधी नियम. अमुक रेसलमेनियाची मेन इव्हेंट कोण जिंकलं असले प्रश्न नकोत, ते मोबाइलवर लगेच निघतं आणि आमच्यातले दोघं तर मोबाइलशिवायच सांगतील. उत्तर ऐकल्यावर समोरचा "च्यायला, हो?" म्हणाला पाहिजे, असाच प्रश्न घ्यायचा.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. क्रिकेटच्या क्विझमध्ये स्कोअरकार्ड एकच असतं, इथे तीन असतात. टीव्हीवर सांगितलेली गोष्ट वेगळी, प्रत्यक्ष घडलेलं वेगळं, आणि कंपनी, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई, आज स्वतःच्या रेकॉर्डमध्ये काय मानते ते तिसरंच. ग्रुपवर आजवर जेवढी भांडणं झाली ती बहुतेक यातूनच, एक जण स्टोरीतलं उत्तर देतो, दुसरा खरं देतो, दोघंही बरोबर असतात म्हणून कोणीच मागे हटत नाही. त्यामुळे उत्तराचे तीन कॉलम केलेत: स्टोरी, खरं, कंपनी. प्रश्न विचारतानाच सांगायचं की कुठल्या कॉलमातलं उत्तर पाहिजे. आणि तिन्ही कॉलममध्ये तीन वेगळी उत्तरं येत असतील तर तो प्रश्न सोन्याचा.

८ जानेवारी

सुरुवात आंद्रे द जायंटपासून, कारण वाद तिथलाच सगळ्यात जुना आहे.

रेसलमेनिया ३, २९ मार्च १९८७, पॉन्टियॅक सिल्व्हरडोम. हल्क होगनने आंद्रेला उचलून आपटला. स्टोरीमध्ये आंद्रे तेव्हा पंधरा वर्षं हरलेला नव्हता आणि त्याला कोणी कधी उचललेलाच नव्हता. खऱ्याच्या कॉलममध्ये वेगळंच येतं. आंद्रे १९८४ मध्ये मेक्सिकोत एल कानेककडून हरलाय. आणि उचलण्याचं म्हणाल तर खुद्द होगननेच त्याला ९ ऑगस्ट १९८० ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये स्लॅम मारलेला आहे. तेव्हा होगन व्हिलन होता, मॅनेजर फ्रेडी ब्लासी, आणि ती मॅच आंद्रे जिंकला होता. सात वर्षांनी तेच दोघं, तोच स्लॅम, आणि कॉमेंट्रीमध्ये जगात पहिल्यांदाच घडतंय असा आव. लोकांना आठवत नसेल असं धरून चालले होते आणि खरंच कोणाला आठवलं नाही, केबल पसरण्याआधी शे स्टेडियमची मॅच बघणार कोण.

आकड्याचंही तसंच. कंपनी सांगते ९३,१७३ प्रेक्षक. रेसलिंगचा पत्रकार डेव्ह मेल्टझर वर्षानुवर्षं सांगतोय की ७८ हजारांच्या आसपास होते. ७८ हजार हाही राक्षसी आकडा आहे हो, पण ९३,१७३ मध्ये जो शेवटचा ३ आहे ना, त्याने खरं वाटतं. गोल आकडा दिला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता.

प्रश्न असा लिहिला: "होगनने आंद्रेला स्लॅम मारला, मॅच आंद्रे जिंकला. कुठलं शहर, कुठलं वर्ष?" ऐंशी टक्के लोक प्रश्नच चुकीचा आहे म्हणून ओरडणार.

१२ जानेवारी

आज दोन बेल्टच्या जन्माच्या गोष्टी लावल्या. आधी १९६३. एनडब्ल्यूएचा, म्हणजे तेव्हाच्या प्रमोटरांच्या संघटनेचा, चॅम्पियन बडी रॉजर्स २४ जानेवारीला टोरोंटोत लू थेसकडून हरला. एका फॉलची मॅच होती. न्यूयॉर्कवाले, म्हणजे थोरला व्हिन्स मॅकमॅन आणि टूट्स मॉन्ट, म्हणाले की बेल्टचा निकाल तीनपैकी दोन फॉलवर लागला पाहिजे, आम्ही हा निकाल मानत नाही, आणि वेगळे झाले. नवीन संस्था, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफ, आजची डब्ल्यूडब्ल्यूई त्यातूनच आली. आता चॅम्पियन पाहिजे, तर जाहीर केलं की रिओ दि जानेरोमध्ये टूर्नामेंट झाली आणि रॉजर्स ती जिंकला. रिओत कुठलीही टूर्नामेंट झाली नव्हती. मग १७ मे १९६३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रूनो सामार्तिनोने रॉजर्सला ४८ सेकंदांत संपवलं. एवढ्या पटकन का, रॉजर्सची तब्येत खरंच बिघडलेली होती का, यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. तो भाग क्विझमध्ये घेत नाही, रात्र पुरायची नाही.

आता १९७९. इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट आणला. पॅट पॅटरसनकडे नॉर्थ अमेरिकन बेल्ट होता, त्याने साउथ अमेरिकन बेल्टही जिंकून दोन्ही एकत्र केले असं सांगितलं. कुठे जिंकला? रिओ दि जानेरोत, टूर्नामेंटमध्ये. तीही झाली नव्हती! सोळा वर्षांनी तीच थाप, त्याच शहराच्या नावाने. न्यूयॉर्कचा प्रेक्षक रिओला फोन करून विचारणार थोडाच.

प्रश्न: "कंपनीचे दोन मोठे बेल्ट एकाच शहरात जन्मले, आणि त्या शहरात यातलं काहीच घडलं नाही. शहर सांगा." हा संचातला माझा सगळ्यात लाडका प्रश्न.

१३ जानेवारी

लाडका नंबर दोन सापडला.

१५ जानेवारी

परवा घाईत एवढंच लिहिलं होतं, आज नीट लिहितो. हे झिबिश्को प्रकरण आहे आणि हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

स्टानिस्लाउस झिबिश्को, पोलंडचा, बैलाच्या मानेचा माणूस. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये आपल्या गामाशी त्याची जोड लागली. गामाने सुरुवातीलाच खाली घेतला आणि मग झिबिश्को उठलाच नाही. अडीच तासांहून जास्त वेळ पोटावर पडून, गालिचा धरल्यासारखा चिकटून राहिला, गामा उलटा करायला बघतोय आणि हा हलत नाही. निकाल नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा लढायचं ठरलं तर हा आलाच नाही आणि जॉन बुल बेल्ट गामाला दिला. इथपर्यंत आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना माहीत असतं.

पुढचं कमी लोकांना माहीत. १९२५, अमेरिका. तिथे तेव्हा धंदा ज्यांच्या हातात होता ते तिघं, एड "स्ट्रँगलर" लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडाऊ आणि टूट्स मॉन्ट. हो, तोच मॉन्ट जो ३८ वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये रिओची टूर्नामेंट जाहीर करतो. या तिघांनी वेन मन नावाच्या फुटबॉल खेळाडूला चॅम्पियन करायचं ठरवलं. उंच, देखणा, पण कुस्ती शून्य. ८ जानेवारीला कॅन्सस सिटीत लुईस त्याच्याकडून "हरला". मग मनची इज्जत वाढावी म्हणून झिबिश्कोने त्याच्याकडून हरावं अशी बोलणी झाली. १५ एप्रिल, फिलाडेल्फिया. चाळिशी कधीच ओलांडलेला झिबिश्को रिंगमध्ये आला आणि ठरलेलं सगळं बाजूला ठेवून खरी कुस्ती करायला लागला. मनची पाठ टेकली, पुन्हा टेकली, रेफ्रीला शेवटी निकाल द्यावाच लागला. बेल्ट विरोधी गटाकडे गेला आणि मेच्या अखेरीस झिबिश्को तो जो स्टेचरकडे हरला, व्यवस्थित, ठरल्याप्रमाणे. म्हणजे डबल क्रॉस, भर रिंगमध्ये. १९९७ च्या मॉन्ट्रियलच्या डबल क्रॉसच्या (तो पुढे येतोय) ७२ वर्षं आधी.

तिसरा अंक पतियाळा, जानेवारी १९२८. झिबिश्को पुन्हा गामासमोर, या वेळी आपल्या मातीत. मिनिटभरही टिकला नाही, चितपट.

आणि चौथा. सत्तरच्या दशकात पिट्सबर्ग भागात सामार्तिनोचा एक चेला तयार झाला, लॅरी व्हिसलर. रिंगसाठी नाव घेतलं लॅरी झिबिश्को, या म्हाताऱ्यावरून. १९८० मध्ये तो गुरूवरच उलटला आणि शे स्टेडियममध्ये पिंजऱ्यातली मॅच झाली, सामार्तिनो विरुद्ध झिबिश्को. कुठल्या दिवशी? ९ ऑगस्ट १९८०. होगनने आंद्रेला आपटला तोच शो!

गामापासून होगनपर्यंत एका आडनावावर जाता येतं. यावर एकच प्रश्न करायचा की चार पायऱ्यांचा, प्रत्येक पायरीला कमी होत जाणारे मार्क? चार पायऱ्यांचाच करतो. पहिला क्लू १९२५ चा, शेवटचा गामाचा, कारण गामा म्हटलं की सगळे लगेच बझर दाबणार.

१८ जानेवारी

ट्रंप कार्डचा राउंड पाहिजेच असा तिघांचा आग्रह. एकाने आईच्या घरून डबा आणला, त्यात रबर बँड सुकून पत्त्यांना चिकटलेला, कोपरे सगळे गोल झालेले, आणि एका कार्डावर मागे बॉलपेनने कोणाचा तरी होमवर्क. उंची, वजन, छाती, बायसेप्स, लढलेल्या फाइट, जिंकलेल्या फाइट, आणि रँक. आमच्या चाळीत रँक बोलायला बंदी होती, नंबर एक ज्याच्याकडे त्याचाच डाव म्हणून.

या आकड्यांवरून प्रश्न काढायचे नाहीत, ते छापणाऱ्याने कुठून आणले देव जाणे. पण कार्डावरचे लोक घेता येतात. उंचीला जायंट गोंझालेस, कंपनी त्याला आठ फूट सांगायची. अर्जेंटिनाचा, आधी बास्केटबॉल खेळाडू. अंडरटेकरच्या स्ट्रीकमध्ये, म्हणजे रेसलमेनियातल्या सलग विजयांत, डिस्क्वालिफिकेशनवर लागलेला एकमेव निकाल याचाच, रेसलमेनिया ९, १९९३. प्रश्न तयार.

वजनाला योकोझुना. आम्ही सगळे त्याला जपानी समजायचो, मागे मिस्टर फुजी झेंडा घेऊन उभा, मीठ उडवतो, सुमोचा पोशाख. तो सामोअन घराण्यातला अमेरिकन, रॉडनी अनोआई. रोमन रेन्सच्या वडिलांचा, सिकाचा, पुतण्या. रिकिशी, उमागा, उसो हे सगळे त्याच गोतावळ्यातले. इथे एक मेख मारून ठेवलीय: रॉक या घराण्यात रक्ताने येतो का? नाही. त्याचे आजोबा पीटर मायव्हिया आणि अनोआई घराण्याचे मूळपुरुष हे मानलेले भाऊ. स्टोरी कॉलम: चुलतभाऊ. खरं कॉलम: शपथेने जोडलेलं नातं. आपल्याकडे गावाला असली नाती ढिगाने असतात त्यामुळे हे आमच्या लोकांना लगेच कळेल.

२० जानेवारी

मावसभावाचा फोन. तो टेन स्पोर्ट्सच्या पिढीतला, आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. "दादा, अंडरटेकर सात वेळा मेला होता तो प्रश्न घे ना." मी म्हटलं अरे ती शाळेतली थाप आहे. तर म्हणे "हो पण कोणती थाप कुठून आली ते तर विचारता येईल." पोरगं हुशार आहे.

म्हणून हे शोधून लावलं. जानेवारी १९९४, रॉयल रंबल, योकोझुनाशी कास्केट मॅच. दहा जणांनी मिळून अंडरटेकरला पेटीत घातला, मग पडद्यावर तो बोलला आणि छताकडे वर वर जाताना दाखवला. खरं कारण म्हणजे त्याच्या पाठीच्या दुखण्यासाठी सुट्टी पाहिजे होती. रेसलमेनिया १० ला तो नव्हताच. मग ऑगस्टमध्ये समरस्लॅमला शिकागोत दोन अंडरटेकर समोरासमोर, खरा आणि खोटा. खोटा म्हणजे ब्रायन ली. आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत तो मेलाय असं पसरलं, दिवाळीत परत जिवंत झाला, आणि त्यात दरवेळी प्रत्येक शाळेने एकेक मरण वाढवलं.

आणि आता खरी मजा. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमारने ज्या अंडरटेकरला उचलला तो कोण? तोच ब्रायन ली! अक्षयने स्वतः २०२१ मध्ये हे जाहीर सांगितलं. म्हणजे तिकडे खोटा अंडरटेकर झालेला माणूस दोन वर्षांनी इकडे हिंदी पिक्चरमध्ये पुन्हा खोटा अंडरटेकर झाला. हा प्रश्न मावसभावाच्या नावावर. त्याला मात्र या प्रश्नाचे मार्क नाहीत.

२३ जानेवारी

दारासिंग. यात वेळ गेला पण गेलाच पाहिजे होता, कारण हा प्रश्न मुंबईचा आहे.

सगळीकडे एक ओळ वाचायला मिळते: १९६८ मध्ये दारासिंगने मुंबईत लू थेसला हरवलं आणि वर्ल्ड चॅम्पियन झाला. ठीक. मग प्रश्न, कुठला वर्ल्ड बेल्ट? थेस हे नाव मोठंच, तिथे शंकाच नाही, पण एनडब्ल्यूएचा बेल्ट तो जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे हरला होता, आणि किनिस्कीकडे तो फेब्रुवारी १९६९ पर्यंत होता. म्हणजे १९६८ मध्ये थेस मुंबईला आला तेव्हा अमेरिकेतला तो बेल्ट त्याच्याकडे नव्हताच. थेसचं नाव हाच बेल्ट होता असं धरायला लागतं. त्या काळात वर्ल्ड चॅम्पियन एक नव्हता, प्रत्येक भागाचा आपला आपला होता, त्यामुळे मुंबईने आपला केला यात वावगं काही नाही. तरी "दारासिंगने एनडब्ल्यूएचा बेल्ट जिंकला" असं कोणी उत्तर दिलं तर मार्क कापणार.

त्याआधीचा १९५९ चा कॉमनवेल्थ किताब, कोलकात्यात जॉर्ज गोर्डियेन्कोला हरवून. आणि २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने हॉल ऑफ फेमच्या लेगसी विभागात त्याला घेतलं, म्हणजे जाऊन सहा वर्षं झाल्यावर. खलीच्या वेळी इथे केवढा गाजावाजा झाला होता, दारासिंगच्या वेळी माझ्या ग्रुपमध्ये तर कोणाला कळलंही नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. ते पोरवयात वरळीला वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंगच्या कुस्त्या बघायला जायचे. मी विचारलं, काका, तुम्हाला तेव्हा माहीत होतं का हो की नुरा आहे ते? काका म्हणाले, "अरे अर्ध्या लोकांना माहीत होतं आणि अर्ध्यांना नव्हतं, आणि शेजारी बसलेला कुठल्यातला आहे ते विचारायचं नाही. किंग काँग आला की आम्ही सगळे एकत्रच ओरडायचो." मग त्यांनी किंग काँग दोरीवर कसा रेलायचा ते सोफ्याच्या पाठीवर रेलून दाखवलं आणि काकू आतून ओरडल्या.

जोडीला गोबर गुहा. कोलकात्याचा जतींद्रचरण गुहा, १९२१, सॅन फ्रान्सिस्को, अॅड सँटेलला हरवून लाइट हेवीवेटचा वर्ल्ड किताब. खलीच्या २००७ च्या किताबाच्या ८६ वर्षं आधी. प्रश्न सोपा ठेवला: "अमेरिकेत जागतिक किताब जिंकणारा भारतीय, साल १९२१." सगळे गामा म्हणणार. गामा अमेरिकेत लढलाच नाही.

एकाने सुचवलं की खाशाबा जाधवही घ्या. खाशाबांबद्दल आदर आहेच, पण १९५२ चं ते ऑलिंपिक, तिथे स्कोअरकार्ड एकच होतं. या क्विझमध्ये बसत नाही.

२४ जानेवारी

पांडावाला प्रश्न, म्हणजे २००२ मध्ये नाव डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई का झालं (पांडाचं चिन्ह असलेल्या वन्यजीव संस्थेचंही नाव डब्ल्यूडब्ल्यूएफच, तिच्याशी कोर्टात हरले म्हणून), हा वॉर्मअपला टाकला. सगळ्यांना येतो. बरं वाटतं सुरुवातीला.

२८ जानेवारी

जुने प्रश्नसंच चाळले, त्यातली बरीच उत्तरं आता शिळी झालीत. सलग सगळ्यात जास्त दिवस इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन कोण? पस्तीस वर्षं याचं उत्तर हाँकी टाँक मॅन होतं, ४५४ दिवस, आणि मग अल्टिमेट वॉरियरने समरस्लॅम १९८८ ला अर्ध्या मिनिटात त्याचं सगळं संपवलं. २०२३ मध्ये गुंथरने तो विक्रम मोडला आणि पुढे ६६६ दिवसांपर्यंत नेला. रिक फ्लेअरचे १६ वर्ल्ड किताब हेही असंच पाठ झालेलं, एप्रिल २०२५ मध्ये जॉन सीनाने १७ केले. आणि फ्लेअरचे १६ हा तरी कंपनीचाच आकडा, इतर मोजणारे वीसच्या पुढे जातात, कारण काही बेल्ट बदल परदेशात झाले आणि नंतर ते झालेच नाहीत असं धरलं गेलं.

असंच परदेशात झालेलं आणि मग पुसलेलं: अँटोनियो इनोकी. ३० नोव्हेंबर १९७९, जपानमध्ये तोकुशिमाला त्याने बॉब बॅकलंडला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफचा बेल्ट घेतला. हॉलभर लोकांनी बघितलं. कंपनीच्या यादीत बॅकलंड १९७८ ते १९८३ सलग. इथे खरं आणि कंपनी या दोन कॉलमचं सरळ भांडण आहे. म्हणून प्रश्नात "कंपनीच्या यादीनुसार" हे शब्द ठळक केले आणि चौथा कॉलमही जोडला: उत्तर कधीपर्यंतचं.

२ फेब्रुवारी

पडदा फाटला कुठे कुठे, म्हणजे सगळं ठरवून चालतं हे कुठे उघडं पडलं, त्याचा राउंड.

मे १९८७, न्यू जर्सी. आयर्न शेख आणि हॅकसॉ जिम डगन, टीव्हीवर इराण विरुद्ध अमेरिका, एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि पोलिसांनी थांबवली तर दोघं एकाच गाडीत. नशेचा मालही सापडला, पण ऑफिसला खरा झटका बसला तो एका गाडीत असण्याचा.

फेब्रुवारी १९८९, पुन्हा न्यू जर्सी. कंपनीच्या माणसांनी तिथल्या सिनेटसमोर सांगून टाकलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. का? खेळ म्हटला की सरकारी अॅथलेटिक कमिशनची देखरेख आणि कर. इतकी वर्षं जपलेलं गुपित शेवटी कर वाचवायला सोडलं, आणि मला यात काही वाईट दिसत नाही, कुठलाही दुकानदार हेच करेल.

१९ मे १९९६, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल दुसऱ्या कंपनीत चाललेले, शेवटची रात्र, म्हणून शॉन मायकल्स आणि ट्रिपल एच रिंगमध्ये आले आणि व्हिलन हिरो सगळे गळ्यात गळे घालून उभे. टीव्हीवर नव्हतं, पण प्रेक्षकांतल्या कोणीतरी कॅमेरा आत नेला होता. शिक्षा कोणाला करणार? दोघं सोडून गेले, एक चॅम्पियन, उरला ट्रिपल एच. त्याला मिळणार असलेला किंग ऑफ द रिंग काढून घेतला आणि २३ जूनला तो स्टीव्ह ऑस्टिन जिंकला, आणि त्याच रात्री त्याने बायबलच्या वचनाची टर उडवत 'ऑस्टिन ३:१६' वालं भाषण ठोकलं. एका मिठीतून पुढची पाच वर्षं फिरली. प्रश्न उलटा लिहिलाय: "ऑस्टिन ३:१६ जन्मायला कोणाची शिक्षा कारणीभूत?"

मॉन्ट्रियल मुद्दाम इथे नाही घेतलं. पुढे वेगळं येतंय.

७ फेब्रुवारी

काल रात्री व्हिडिओ कॉलवर दोघांवर ट्रायल घेतली. रिओचा प्रश्न जबरदस्त गेला. झिबिश्को थोडा जड, दुसऱ्या पायरीनंतर गप्प बसले, पण शे स्टेडियम आल्यावर एकाने टेबलावर हात आपटला, त्यामुळे राहू दे. मिक फोलीचा, म्हणजे एकाच रंबलमध्ये तीन वेळा आलेला माणूस कोण, १९९८, तो दोघांनाही पटकन आला. सोप्यात टाकला.

वाद झाला सगळ्यात कमी वेळच्या चॅम्पियनवर. ५ फेब्रुवारी १९८८, आंद्रेने होगनला पिन केलं, होगनचा खांदा साफ वर होता तरी रेफ्रीने तीन मोजले. आंद्रेने लगेच बेल्ट टेड डिबियासीला देऊन टाकला. कंपनी आंद्रेला १ मिनिट ४८ सेकंदांचा चॅम्पियन मानते, डिबियासीला मानत नाही, तरी तो त्यानंतर बेल्ट घालून मॅचला उतरलाय. एक जण म्हणाला "विकत घेतलेला सातबारा आहे, नोंद नाही झाली म्हणून काय, कब्जा त्याचा ना?" पंधरा मिनिटं त्यात गेली. उत्तर कंपनी कॉलमचं, विषय बंद.

पण त्या भांडणातून प्रश्न मिळाला. त्या रात्री खोटं मोजणारा रेफ्री होता अर्ल हेब्नर, नेहमीच्या डेव्ह हेब्नरचा जुळा भाऊ. डेव्हला कोंडून ठेवलं आणि डिबियासीने पैसे देऊन त्याच्या तोंडाचा माणूस आणला अशी स्टोरी. नऊ वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियलमध्ये ब्रेट हार्टने टॅप केलेलं नसताना घंटा वाजवायला सांगणारा रेफ्री कोण? अर्ल हेब्नर. पहिल्यांदा फसवणूक स्टोरीमध्ये, दुसऱ्यांदा खरीखुरी, माणूस तोच. मॉन्ट्रियल याच प्रश्नात आलं, आणि इथेच बसतं.

११ फेब्रुवारी

क्रम लावला. पांडा, फोली, गोंझालेस सुरुवातीला. मग ट्रंप कार्ड राउंड, त्यात अनोआई. मधे दारासिंग आणि गोबर गुहा, तेव्हा काकांनाही बोलवायचं, ते हो म्हणालेत पण नऊच्या आत संपव म्हणाले. मग पडदा फाटलेला राउंड, हेब्नर, रिओ, आणि शेवटी झिबिश्को.

खलीचा एकच ठेवला, २००७ चा बॅटल रॉयल, वर्ल्ड हेवीवेट. जिंदर महालचा काढला, तो कॅनडात जन्मलेला, त्यावर "भारतीय धरायचा का" हा अर्धा तास मला नकोय.

टायब्रेकर आकड्याचा, जवळचा जिंकेल: सामार्तिनोचं पहिलं राज्य किती दिवसांचं? १७ मे १९६३ ते १८ जानेवारी १९७१, इव्हान कोलॉफने संपवलं. उत्तर २,८०३. तारखा मोजून बघितल्या, बरोबर येतात. पूर्ण शीटमध्ये स्टोरी, खरं आणि कंपनी या तिन्ही कॉलममध्ये एकच उत्तर असलेली ओळ फार कमी वेळा आलीय, ही त्यातली एक, म्हणून टायब्रेकरला ठेवली. इथे कोणी भांडलं तर कॅलेंडर दाखवायचं.

प्रिंट काढायला उद्या स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे. उत्तरांची कॉपी एकच, ती माझ्याकडे. मावसभाऊ दोनदा मागून गेलाय.